आणायचा कसा, घालवायचा कसा? क्वार्टरबॅकच्या भानगडींवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सुपर बोलवर, म्हणजे तिकडच्या फुटबॉलच्या फायनलवर, लिहिताना मी एक वाक्य सहज टाकलं होतं, की अमेरिकन फुटबॉलमधे चांगला क्वार्टरबॅक आणणं अवघड आणि त्याला वेळेवर घालवणं त्याहून अवघड. झालं! एवढ्या एका वाक्यावर जेवढे मेल आले तेवढे अख्ख्या लेखावर आले नाहीत. त्यातले काही इथे घेतोय, बाकीच्यांनी रागावू नका. आणि ज्यांना हा खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, अकरा जण विरुद्ध अकरा जण, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, आणि जवळपास प्रत्येक वेळी बॉल आधी ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. फेकायचा, कुणाला द्यायचा की स्वतःच पळायचं हे त्याने अडीच-तीन सेकंदांत ठरवायचं, आणि समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत येत असतात. एनएफएल या तिथल्या लीगमधे ३२ टीम आहेत आणि खरोखर चांगले क्वार्टरबॅक एका वेळी दहा-बारा असतात, बाकी सगळी रामायणं यातूनच.

आमचा मुलगा मिनियापोलिसला एमएस करायला गेलाय, आता फोनवर अभ्यासाचं कमी आणि क्वार्टरबॅकचंच जास्त. मला एवढंच सांगा, ते क्लबवाले एवढे श्रीमंत आहेत तर तो नेमारला घेतला होता तसा सरळ विकत का घेत नाहीत? (एक काकू, नाशिक)

काकू, तुमचा प्रश्न साधा वाटतो पण मुद्द्याचा आहे. नेमारसाठी पॅरिसच्या क्लबने २०१७ मधे बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो मोजले, तसं एनएफएलमधे चालतच नाही. तिथे एक टीम दुसऱ्या टीमला चेक फाडून खेळाडू उचलत नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू द्यायचे, नाहीतर ड्राफ्टमधले नंबर द्यायचे. ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी एप्रिलमधे कॉलेजची पोरं निवडायचा कार्यक्रम, सात राउंड असतात आणि गेल्या सीझनला जो सगळ्यात वाईट खेळला त्याला पहिला नंबर. म्हणजे तिथलं खरं चलन डॉलर नाही, ड्राफ्टमधला नंबर आहे, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांचे नंबरसुद्धा आत्ताच देऊन टाकता येतात. आपल्याकडे पुढच्या वर्षीच्या उसावर उचल घेतात ना, तसंच समजा.

उदाहरण सांगतो. २०२१ मधे लॉस एंजेलिसच्या रॅम्सना डेट्रॉइटचा मॅथ्यू स्टॅफर्ड हवा होता. त्यांनी त्याच्यासाठी दोन वर्षांचे पहिल्या राउंडचे नंबर दिले, एक तिसऱ्या राउंडचा दिला आणि वर स्वतःचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ पण देऊन टाकला. हा गॉफ कोण, तर त्यांनीच २०१६ मधे पहिल्या नंबरला घेतलेला पोरगा! स्टॅफर्ड आला आणि त्याच सीझनला रॅम्स सुपर बोल जिंकले, म्हणजे सौदा वसूल. पण गंमत पुढे आहे. गॉफ डेट्रॉइटला गेला, सगळे म्हणाले हा आता संपला, आणि जानेवारी २०२४ मधे त्याच गॉफने त्याच स्टॅफर्डच्या रॅम्सना प्लेऑफमधे, म्हणजे बादफेरीत, २४-२३ हरवलं. डेट्रॉइटचा प्लेऑफमधला हा जवळपास ३२ वर्षांनंतरचा पहिला विजय. स्टेडियममधे लोक गॉफच्या नावाचा गजर करत होते, आणि समोर त्यांच्याकडे बारा वर्षं खेळलेला जुना हिरो उभा. दोन्ही बाजूंचं भलं झालं असं क्वचितच होतं, म्हणून मुद्दाम हे सांगितलं. मुलाला सांगा की मार्क पण बघत जा म्हणून.

एवढे स्काऊट (खेळाडू हेरणारे), एवढे कॅमेरे, पोरांच्या हाताचे पंजे पण मोजतात म्हणे, तरी सगळ्यात महान क्वार्टरबॅक म्हणतात तो टॉम ब्रॅडी ड्राफ्टमधे १९९ नंबरला कसा काय गेला? हे लोक पगार कशाचा घेतात? (कोल्हापूर, नाव छापू नका)

पंजे मोजतात हे खरं आहे आणि मला पण ते बघून हसू येतं. ब्रॅडीचं २००० सालचं. सहाव्या राउंडपर्यंत कुणी विचारलं नाही, त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक गेले. पण माझं म्हणणं असं की ब्रॅडी हे उदाहरण आता घासून गुळगुळीत झालंय, त्याच्यापेक्षा सॅन फ्रान्सिस्कोचं बघा. २०२१ मधे फोर्टीनाइनर्सनी ट्रे लान्स नावाच्या पोरासाठी तिसऱ्या नंबरवर उडी मारली, त्यासाठी तीन वर्षांचे पहिल्या राउंडचे नंबर मायामीला दिले. लान्स नीट खेळलाच नाही, जखमी झाला. आणि २०२२ च्या ड्राफ्टमधे ह्याच टीमने अगदी शेवटच्या, म्हणजे २६२ व्या नंबरला ब्रॉक पर्डी घेतला होता. त्या शेवटच्या नंबरवाल्याला अमेरिकेत लाडाने 'मिस्टर इर्रेलेव्हंट' म्हणतात, म्हणजे बिनकामाचे साहेब! तोच खेळायला उतरला आणि दुसऱ्या सीझनला टीमला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. लान्सला त्यांनी २०२३ मधे डॅलसला चौथ्या राउंडच्या एका नंबरवर देऊन टाकलं. काखेत कळसा म्हणतात तो असा.

त्याच २०२१ च्या ड्राफ्टमधे पहिल्या राउंडला पाच क्वार्टरबॅक गेले होते. तीन वर्षांनी, २०२४ चा सीझन सुरू होताना, त्यातला एकच ज्याने निवडलं त्याच्याकडे उरला होता, जॅक्सनव्हिलचा ट्रेव्हर लॉरेन्स. आणि उरलेल्यातला एक, मॅक जोन्स, त्याच लॉरेन्सच्या मागे राखीव म्हणून बसला होता. तर स्काऊटना कळत नाही का, तर कळतं, हात किती जोरात जातो, उंची किती, हे सगळं मोजता येतं. पण अंगावर माणूस येत असताना डोकं जागेवर राहतं का, हे कॉलेजच्या मॅचमधे नीट दिसत नाही कारण तिथे समोरची पोरं पण कच्चीच असतात.

आता यातली खरी मेख पैशाची आहे आणि पुढच्या सगळ्या उत्तरांना ती लागणार, म्हणून नीट वाचा. २०१० मधे सेंट लुईसने सॅम ब्रॅडफर्डला पहिल्या नंबरला घेतलं आणि सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार दिला, त्यात ५ कोटी गॅरंटीड, अजून एक बॉल फेकायच्या आधी! मग २०११ मधे लीग आणि खेळाडूंच्या युनियनचा नवा करार झाला आणि नवख्यांचे पगार नंबरप्रमाणे बांधून टाकले. त्या वर्षीच्या पहिल्या नंबरला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे साधारण २ कोटी २० लाख मिळाले. म्हणजे चांगला क्वार्टरबॅक ड्राफ्टमधे सापडला तर चार वर्षं तो जवळपास फुकटात. पहिल्या राउंडवाला असेल तर पाचव्या वर्षाचा पण पर्याय टीमकडे असतो, फक्त ते वर्ष महाग पडतं. पर्डी तर २०२३ मधे वर्षाला ८ लाख ७० हजारावर सुपर बोलला गेला, जिथे बाकीचे चार-पाच कोटी घेतात. वाचलेल्या पैशात बाकीची टीम तगडी करायची. मे २०२५ मधे त्याचा करार झाला तो पाच वर्षांचा आणि २६ कोटी ५० लाखांचा. स्वस्ताई संपली!

ज्याला काढून टाकलं त्यालाच कोट्यवधी डॉलर देत बसतात असं ऐकलं. आम्हाला इथे व्हीआरएसचे पैसे मिळायला दीड वर्ष लागलं. हा काय प्रकार आहे? (सेवानिवृत्त, ठाणे)

काका, तुमचं दुःख समजू शकतो. याला तिकडे डेड मनी म्हणतात. मी त्याला मेलेल्या म्हशीचा हप्ता म्हणतो, म्हैस गेली पण बँकेचं कर्ज चालूच.

कसं असतं बघा. प्रत्येक टीमला खेळाडूंच्या पगारावर वर्षाला किती खर्च करायचा याची मर्यादा आहे, सॅलरी कॅप, २०२४ मधे ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. समजा मी तुम्हाला पाच वर्षांच्या करारावर सही करताना ५ कोटी बोनस दिला. पैसे तुमच्या खात्यात लगेच, पण माझ्या कॅपच्या वहीत ते दरवर्षी १ कोटी असे पाच वर्षं लिहिले जाणार. आता दोन वर्षांनी तुम्ही मला नकोसे झालात, मी तुम्हाला काढलं, तर वहीत उरलेले ३ कोटी कुठे जातील? कुठेही नाही, ते माझ्याच डोक्यावर, आणि शक्यतो एकदमच येतात. जूनच्या पहिल्या तारखेचा एक नियम आहे त्याने ते दोन वर्षांत वाटून घेता येतात, पण टळत नाहीत. त्यात पुढचा पगार गॅरंटीड असेल तर तो वेगळा.

डेन्व्हरचं प्रकरण याच्यातलं सगळ्यात भारी. मार्च २०२२ मधे त्यांनी सिएटलकडून रसेल विल्सन आणला. दिलं काय, तर दोन पहिल्या राउंडचे, दोन दुसऱ्या राउंडचे, एक पाचव्याचा आणि तीन खेळाडू. बदल्यात विल्सन आणि चौथ्या राउंडचा एक नंबर. बरं, आणला तर आणला, त्याच्या जुन्या कराराची दोन वर्षं शिल्लक होती. पण डेन्व्हरसाठी एक पण अधिकृत मॅच खेळायच्या आधी त्याला २४ कोटी डॉलरच्या वर नवा करार देऊन मोकळे झाले. लग्नाआधीच घर नावावर! त्या सीझनला टीम ५ जिंकली १२ हरली. दुसऱ्या वर्षी नवा कोच शॉन पेटन आला, विल्सन तसा बरा खेळत होता, तरी शेवटच्या दोन मॅचला त्याला बाकावर बसवलं. का? कारण त्याच्या करारात पुढची एक मोठी रक्कम अशी होती की तो जखमी झाला तर ती टीमच्या गळ्यात पडणार. खेळवलाच नाही तर जखमी कसा होईल. हा हिशोब एकदा कळला ना, की डिसेंबरमधे कुणी धडधाकट क्वार्टरबॅक अचानक बाकावर बसलेला दिसला की तुम्ही पण म्हणाल, चालला हा. एक वर्ष आधी रेडर्सनी डेरेक कारला असंच शेवटच्या दोन मॅचला बसवलं होतं. त्याचे ४ कोटींच्या वरचे पैसे १५ फेब्रुवारीला गॅरंटीड होणार होते आणि त्याला १४ फेब्रुवारीला सोडलं. नऊ सीझनच्या संसाराला व्हॅलेंटाइन डेला काडीमोड.

मार्च २०२४ मधे डेन्व्हरने विल्सनला सोडलं तेव्हा वहीवर साडेआठ कोटी डॉलरचा डेड मनी बसला, २०२४ ला ५ कोटी ३० लाख आणि राहिलेले २०२५ ला. त्या वर्षी विल्सन पिट्सबर्गकडून खेळला, पिट्सबर्गने त्याला दिले १२ लाख १० हजार, आणि बाकीचा कोट्यवधींचा पगार भरला डेन्व्हरने. आणि आता गंमत, एवढं ओझं डोक्यावर असताना डेन्व्हर त्याच सीझनला दहा मॅच जिंकून प्लेऑफला गेलं! कसं, तर त्यांनी ड्राफ्टमधे बाराव्या नंबरला बो निक्स घेतला होता, नवखा, बांधलेल्या पगाराचा. म्हणजे मेलेल्या म्हशीचा हप्ता भरायला ताजी स्वस्तातली म्हैस मिळाली म्हणून ते वाचले. हे दरवेळी जमत नाही.

हा फ्रँचायझी टॅग काय असतो, एका वाक्यात सांगा, बस पकडायची आहे. (पुणे)

करार संपलेल्या एका खेळाडूला टीम वर्षभर अडकवून ठेवू शकते, पण त्याला त्याच्या जागेवरच्या सगळ्यात महागड्या खेळाडूंच्या सरासरीइतका पगार द्यायचा, दुसऱ्या वर्षी परत अडकवला तर २० टक्के वाढवून, आणि वॉशिंग्टनने आपला क्वार्टरबॅक कर्क कझिन्सला २०१६ ला साधारण २ कोटीला आणि २०१७ ला जवळपास २ कोटी ४० लाखाला असं दोनदा अडकवलं, तिसऱ्यांदा ४४ टक्के वाढ द्यावी लागली असती म्हणून सोडलं, आणि तो मिनेसोटाला जाऊन तीन वर्षांचे ८ कोटी ४० लाख पूर्ण गॅरंटीड घेऊन बसला. एक वाक्य झालं. बस गेली असेल तर माफ करा.

दादा मी एडिसनला राहतो, न्यू जर्सी, बारा वर्षं जेट्सचा फॅन आहे. बायको म्हणते हे व्यसन आहे. तुम्हीच सांगा आमचं काय चुकतं? (नाव दिलंत तर ऑफिसमधे चिडवतील)

मित्रा, वहिनींशी मी सहमत आहे. तुझं काही चुकत नाही, तू फक्त चुकीच्या नदीकाठी घर बांधलंस. जेट्सनी सुपर बोल जिंकला जानेवारी १९६९ मधे, त्यानंतर तिथे परत पोचलेच नाहीत. २०१८ मधे तिसऱ्या नंबरला सॅम डार्नल्ड घेतला, तीन वर्षांनी घालवला. २०२१ मधे दुसऱ्या नंबरला झॅक विल्सन घेतला, तीन वर्षांनी घालवला. मधे २०२३ मधे ग्रीन बेकडून ॲरन रॉजर्स आणला, चार वेळा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, वय ३९.

त्याची पहिली मॅच मला तारखेसकट आठवते, ११ सप्टेंबर २०२३, आपल्याकडे मंगळवारची पहाट, पावणेसहाचा सुमार. मी चहाचं आधण ठेवून टीव्हीसमोर बसलो. रॉजर्स मोठा झेंडा घेऊन पळत आला, स्टेडियम नुसतं पेटलेलं. जेट्सचा बॉल आला तेव्हा उठलो, चहात आलं किसलं, गाळून कप घेऊन येतो तर हा गडी गवतावर बसलेला. चौथा स्नॅप होता, म्हणजे खेळ चौथ्यांदाच सुरू झाला होता. टाचेची शीर तुटली होती, सीझन संपला. चहाला उकळी यायला जेवढा वेळ लागतो तेवढं त्याचं जेट्समधलं पहिलं वर्ष! पुढच्या वर्षी तो सगळ्या मॅच खेळला, टीम ५-१२, २०२५ मधे त्याला पण सोडलं आणि तो पिट्सबर्गला गेला.

आता जखमेवर मीठ चोळू का? तो तुमचा डार्नल्ड. तुमच्याकडून कॅरोलायना, तिथून सॅन फ्रान्सिस्कोला राखीव, मग २०२४ मधे मिनेसोटाने त्याला एका वर्षाला १ कोटीवर घेतलं, तेही नवखा जे. जे. मॅकार्थी तयार होईपर्यंत. मॅकार्थीचा गुडघा गेला, डार्नल्ड खेळला, टीम १४-३. मार्च २०२५ मधे सिएटलने त्याला तीन वर्षांचे १० कोटी दिले. मला विचारशील तर पोरगा २०१८ ला पण तोच होता. फरक एवढाच की जेट्समधे तीन वर्षांत दोन हेडकोच बघितले, त्याला वाचवणारी पुढची फळी पोकळ, आणि वयाच्या २१ व्या वर्षी त्याला सिंहासमोर टाकला. हे माझं मत, चुकीचं असू शकतं, पण जेट्सची हवाच तशी आहे असं आता म्हणायला हरकत नाही.

ग्रीन बेला मात्र एकामागून एक कसे मिळतात? त्यांचं काय गुपित? (सांगली)

माझी मावसबहीण विस्कॉन्सिनमधे असते, २००८ च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे होतो, त्यामुळे हे थोडं जवळून बघितलंय. ब्रेट फार्व त्यांचा देव. १९९२ मधे त्यांनी अटलांटाला पहिल्या राउंडचा नंबर देऊन त्याला आणला तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं, कारण अटलांटासाठी त्याने आख्ख्या सीझनमधे चार पास फेकले होते. त्यातला एक पण आपल्या माणसाला मिळाला नाही, दोन समोरच्यांनी पकडले! तो पुढे सोळा वर्षं खेळला आणि सुपर बोल आणला. २००५ मधे मात्र टीमने रॉजर्सला २४ व्या नंबरला घेतलं, फार्व धडधाकट खेळत असताना, आणि तीन वर्षं नुसतं बसवून ठेवलं.

मार्च २००८ मधे फार्व डोळे पुसत रिटायर झाला आणि जुलैत म्हणतो मला परत यायचंय. टीम म्हणाली, नको. बहिणीच्या शेजारी एक घर होतं, बाप फार्ववाला, मुलगा रॉजर्सवाला, आठवडाभर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, जेवणाची ताटं पण वेगवेगळ्या खोल्यांत. ऑगस्टमधे फार्व जेट्सना देऊन टाकला (हो, एडिसनवाल्या मित्रा, तुम्हालाच). रॉजर्सने अडीच वर्षांत, फेब्रुवारी २०११ ला, सुपर बोल जिंकून दिला. मग २०२० मधे तेच परत, रॉजर्स असताना जॉर्डन लव्हला २६ व्या नंबरला घेतलं, रॉजर्स चिडला, सलग दोन एमव्हीपी मारले, आणि लव्ह तीन वर्षं बसला.

गुपित म्हणाल तर एवढंच, घरात पाणी असतानाच दुसरी विहीर खणतात. पण हे परवडतं कसं तेही बघा. त्या टीमला एक मालकच नाही, लाखो लोकांकडे तिचे शेअर आहेत, म्हणजे कुणी शेठ येऊन "मला यंदाच कप पाहिजे" म्हणून टेबलावर हात आपटत नाही. बाकीच्यांकडे शेठ आहेत. अटलांटाने २०२४ मधे हीच युक्ती करायला घेतली, मार्चमधे त्याच कर्क कझिन्सला चार वर्षांचा १८ कोटींचा करार, त्यातले १० कोटी गॅरंटीड, आणि पुढच्याच महिन्यात ड्राफ्टमधे आठव्या नंबरला मायकेल पेनिक्स. डिसेंबरमधे कझिन्स बाकावर. नवखा स्वस्त असतो हा सगळा फायदाच घालवला की, एकाच जागेवर दोघांचं बिल!

मग हे आयपीएलसारखंच झालं की. (औरंगाबाद)

पर्स आणि सॅलरी कॅप, एवढं सारखं. हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला तसे ट्रेड पण. पण आयपीएलमधे दर तीन वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि बऱ्याच पापांची पाटी कोरी होते, एनएफएलमधे ती कधीच कोरी होत नाही. क्लीव्हलँडला विचारा. बेकर मेफिल्डला त्यांनी २०१८ मधे पहिल्या नंबरला घेतलं, त्याने जानेवारी २०२१ मधे त्यांना २६ वर्षांतला पहिला प्लेऑफ विजय दिला. पुढच्या सीझनला तो दुखऱ्या खांद्याने खेळला, घसरला, तर मार्च २०२२ मधे यांनी ह्यूस्टनचा डेशॉन वॉटसन आणला, तीन पहिल्या राउंडचे नंबर आणि वर काही देऊन, आणि त्याला पाच वर्षांचे २३ कोटी, सगळेच्या सगळे गॅरंटीड. त्या वेळी वॉटसनवर वीसहून जास्त महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावले होते. त्याने आरोप नाकारले, लीगने ११ मॅचची बंदी घातली. नैतिक बाजू तर आहेच, पण नुसता खेळ बघितला तरी बंदी आणि दुखापतींत पहिल्या तीन सीझनमधे तो १९ मॅच खेळला. मेफिल्ड कॅरोलायनात आपटला, डिसेंबरमधे सुटला, मंगळवारी रॅम्सनी उचलला, गुरुवारी प्लेबुक (टीमच्या चालींची वही) अर्धवट पाठ असताना खेळला आणि शेवटच्या पावणेदोन मिनिटांत ९८ यार्ड जाऊन मॅच जिंकली. आता टॅम्पाचा लाडका आहे. क्लीव्हलँडमधे एका जर्सीवर १९९९ पासूनच्या सगळ्या क्वार्टरबॅकची नावं एकाखाली एक लिहून खोडलेली असत, ती यादी चाळीसच्या आसपास गेली.

तुमचा स्वतःचा आवडता क्वार्टरबॅक कोण? ब्रॅडी म्हणू नका. (सातारा)

नाही म्हणत. ॲलेक्स स्मिथ.

२००५ च्या ड्राफ्टचा पहिला नंबर. रॉजर्स ज्या रात्री २४ व्या नंबरपर्यंत खोलीत ताटकळत बसला होता, त्या रात्री सगळ्यात आधी ज्याचं नाव पुकारलं तो हा. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला वर्षानुवर्षं नवनवे कोच दिले, लोक हुर्यो उडवत, तरी टिकला आणि २०१२ मधे ६ विजय, २ पराभव आणि एक बरोबरी असा मस्त चालला होता. डोक्याला मार लागून एक मॅच बसला. त्याच्या जागी कॉलिन कॅपर्निक आला, चमकला, आणि स्मिथला जागा परत मिळाली नाही. टीम सुपर बोलला गेली, हा बाकावर.

पुढच्या वर्षी कॅन्सस सिटीला पाठवला. तिथे त्याने टीम उभी केली. २०१७ च्या ड्राफ्टमधे टीमने २७ वरून दहाव्या नंबरवर उडी मारून पॅट्रिक महोम्स घेतला, म्हणजे स्मिथची गादी घ्यायला. त्या वर्षी स्मिथ काय करतो? लीगमधे सगळ्यात जास्त पासर रेटिंग, म्हणजे पास फेकण्याचे गुण, काढतो, आणि रोज महोम्सला शेजारी बसवून समोरची फळी कशी वाचायची ते शिकवतो. महोम्सने हे नंतर स्वतः कितीदा तरी सांगितलंय. जानेवारी २०१८ मधे त्याला वॉशिंग्टनला देऊन टाकलं. कारण तेच, महोम्स चार वर्षं स्वस्त. हिशोबाने शंभर टक्के बरोबर निर्णय होता आणि मला तो अजून आवडत नाही.

१८ नोव्हेंबर २०१८, वॉशिंग्टन विरुद्ध ह्यूस्टन. स्मिथच्या उजव्या पायाची दोन्ही हाडं मोडली. मग इन्फेक्शन झालं, पाय कापायची वेळ आली होती, १७ ऑपरेशन झाली. ऑक्टोबर २०२० मधे तो परत मैदानात उतरला. बायको-मुलं स्टँडमधे होती, आणि ॲरन डोनाल्डसारखा राक्षस त्याच्या पाठीवर लटकला तेव्हा इथे माझ्या घरात सगळ्यांचा श्वास अडकला होता. उठला. त्या सीझनला त्याने सहा मॅच सुरू केल्या, पाच जिंकल्या, वॉशिंग्टनला डिव्हिजन, म्हणजे आपल्या गटातला पहिला नंबर, मिळवून दिली. फेब्रुवारी २०२१ मधे त्याला कमबॅक प्लेअर ऑफ द इयर दिलं.

मार्चमधे वॉशिंग्टनने त्याला सोडलं.